राख कमी का भरली

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, आणि माझ्या आतेबहिणीला, मनीला, जीभच नाही असं वर्गातली पोरं म्हणतात. त्यातल्या दोघांना मी बडवलंय. मनी बोलते, पण अडखळत, आणि अनोळखी माणूस समोर आला की तिची दातखीळच बसते. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत तिने हूं की चूं केलं नाही आणि प्रॅक्टिकलला नापास झाली. यंदाही तेच झालं तर शाळा बंद आणि ही थेट घरच्या दुकानात, असं आत्याने सांगून टाकलंय. आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून मी तिची जोडीदार झाले. काहीही विचारलं तरी उत्तर मी द्यायचं, असं ठरलं होतं.

मॅग्नेशियमची फीत झाकणाच्या मुशीत जाळायची आणि उरलेल्या राखेचं वजन करायचं. हिशेब मनीचाच. चोवीस भाग मॅग्नेशियम सोळा भाग ऑक्सिजन घेतं, राख होते चाळीस भाग. आमची फीत ०.२४ ग्रॅम, म्हणजे राख ०.४० भरायला हवी. मूस गार झाल्यावर काट्यावर ठेवली, तर ०.३७.

"चाळीस लिही," मी कुजबुजले. "सगळ्यांनी तेच लिहिलंय."

मनीने मान हलवली आणि पेनाने ठसठशीत सदतीस लिहिलं. असं डोकं फिरलं माझं. दुकानात बसायची हौसच असेल तर कोण काय करणार.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. "हिशेबाने चाळीस. मग तीन कुठे गेले?"

काटा बिघडलाय, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"तू नाही," बाई म्हणाल्या. "हिला सांगू दे."

झालं. मनीचे ओठ हलले, आवाज फुटेना. ती कानापर्यंत लाल झाली. बाईंनी घड्याळ बघितलं आणि तोंडीच्या रकान्यावर पेन टेकवलं. मी टेबलाची कड आवळून धरली. बोल गं बाई, एकदाच बोल.

"ध... धूर," मनी म्हणाली.

पेन थांबलं. "कसला?"

"पां... पांढरा. ती रा... राखच होती, उडाली. झाकण ज... जरासंच उचलायचं असतं." मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि पुढचं एका दमात सांगून टाकलं. "हिने सताड उघडलं. मी हाताने नको नको म्हणत होते, पण हिला धीर धरवत नाही."

बाईंनी माझा एक मार्क कापला. मनीच्या रकान्यात पैकीच्या पैकी लिहिले.

"चहाडखोर," मी बाहेर आल्यावर म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडले.

मनी बिचारी घाबरलीच. "ए... एकच गेलाय गं," ती म्हणाली.