दुर्बीण कुणाच्या पोटात?

संमतीपत्रावर सही कुणी करायची, हे बहीणभाऊ दवाखान्याच्या जिन्यात ठरवत होते. ज्यांच्या पोटात नळी जायची होती ते बाबा वर खाटेवर बसून होते. त्यांना सांगितलं होतं, पित्ताची साधी तपासणी आहे.

डॉक्टरांनी दोन मार्ग सुचवले होते. एका दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते. ती जठरातून स्वादुपिंड जवळून बघते, लागलंच तर सुईने नमुना घेते. दुसरी पित्तनलिकेपर्यंत जाऊन अडथळा मोकळा करते; पण तिच्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, क्वचित जिवावरही बेततं. "पेशंटशी बोला," असंही ते म्हणाले होते.

"दुसरीच करू," दादा म्हणाला. "एकदाच काय तो सोक्षमोक्ष. दोनदा कशाला घसा सोलून घ्यायचा?"

"घसा तुझा नाहीये, दादा."

"मग जा, विचार त्यांना! गाठीची शंका आहे म्हटलं की हाय खातील. कर सही."

तिने केली.

वर गेल्यावर बाबांनी हात पुढे केला. "तो कागद दे."

"काही नाही हो, नेहमीचा फॉर्म आहे."

त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस! पिवळ्या पडलेल्या बोटांनी त्यांनी एकेक ओळ वाचली.

"बंद पडलेलं घड्याळ आलं की मी आधी काय करतो गं?"

"झाकण उघडून... बघता."

"आणि बघायच्या आधीच चाकं उपसायला लागलो तर?"

दादा पुटपुटला, "तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा."

"त्रास मलाच होतोय. फक्त कशाचा, ते तुम्हाला ठाऊक आणि मला नाही. गिऱ्हाइकाला न विचारता मी साधा पट्टा बदलला नाही रे कधी!"

तिला आपलीच सही बघवेना. काय करून बसलो होतो आपण!

डॉक्टरांना बोलावलं. बाबांनी सगळं विचारलं, धोक्याचंही. मग तिची सही खोडली आणि पहिल्या दुर्बिणीच्या कागदावर आपली केली: आधी बघायचं.

गाठच निघाली. कावीळ वाढल्यावर दुसरी दुर्बीणही लागली. तीही त्यांना विचारून. चार महिन्यांनी ते गेले. तेवढ्या काळात त्यांनी दुकानातली एकोणीस घड्याळं मालकांना स्वतः नेऊन दिली. तीन दुरुस्त होण्यासारखी नव्हती. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं.

कुठली दुर्बीण योग्य, हे प्रत्येक आजारात वेगळं असेल. ते डॉक्टर सांगतील. पण आपल्या माणसाला जपायचं म्हणून आपण त्याच्याच शरीराची गोष्ट त्याच्यापासून लपवतो, आणि त्याला माया म्हणतो. जिन्यातली ती बोलणी बंद करू या. वर जाऊ या, खाटेशेजारी बसू या, आणि आधी त्याला विचारू या.