गडग्यापलीकडची खुर्ची

“उचलायला जाऊ नकोस, इशबेल. चेंडू वर न्यायचं काम काठीच्या तिरक्या तोंडाचं. तुझं काम एवढंच, खाली गवतात मारायचं.”

गोल्फच्या मैदानावरचा मर्डोचा हा आवाज इशबेलच्या कानात अजून जसाच्या तसा होता, खणखणीत आणि थोडा चेष्टेखोर. नवरा देवाच्या कृपेने इस्पितळातून घरी परतला होता, पण तो आवाज मात्र आता तिच्या कानातच उरला होता. हिवाळ्यात अर्धांगवायूने मर्डोची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. ओल्या वाळूतून पाय उपसावा तसा एकेक शब्द बाहेर यायचा.

इस्पितळात तो पहिलं धड वाक्य बोलला तेही गोल्फचंच. पोर्टस्केल गावात दर उन्हाळ्यात जोडीचा सामना होतो. दोघांत मिळून एकच चेंडू, एक फटका याचा, पुढचा त्याचा. मर्डो आणि त्याची थोरली बहीण बेथिया वर्षानुवर्षं जोडीने खेळत आलेले. “यंदा माझ्या जागी... तू,” तो म्हणाला. त्या घडीला त्याने चंद्र मागितला असता तरी इशबेल हो म्हणाली असती.

आता मात्र सामना जवळ आला होता. बाकी सगळं एकवेळ निभावलं असतं, पण सातव्या झेंड्याचं नाव काढलं की तिच्या तोंडचं पाणी पळे. तिथे पहिला फटका बेथियाचा आणि तो दगडी गडग्याच्या अलीकडेच पडायचा. दुसरा इशबेलचा. गडगा कमरेएवढा, त्याच्या पलीकडे लगेच बारीक कापलेली हिरवळ आणि तिच्यावर झेंडा. चेंडू गडग्यावरून उंच जाऊन हिरवळीवर अलगद बसला पाहिजे. या फटक्याला पिच म्हणतात. आणि हिरवळीच्या पाठीला लागून जाते गावाची समुद्राकडची पायवाट.

पायवाट मैदानाहून जुनी. कुत्रा फिरवणारी म्हातारी असो की बाळाची गाडी ढकलणारी आई, वाटेवरच्या माणसाला ‘हल’ म्हणायचं नाही, खेळणाऱ्यानेच थांबायचं, हा पोर्टस्केलचा रिवाज. वाटसरू पुढे गेला की फटका मारावा. पण मर्डो पुढे जातच नसे. रोज संध्याकाळी तो आपली चाकांची खुर्ची त्या वाटेवर, झेंड्याच्या बरोब्बर मागे लावून घ्यायचा आणि बसायचा.

“थांबलो तरी... वाटसरूच,” तो म्हणायचा. “रिवाज म्हणजे रिवाज.” त्याला ‘हल’ म्हणायची सोय नव्हती, आणि मारायचं तर त्याच्याच दिशेने.

शिकवायचं काम बेथियाकडे आलं. तिचं अर्धं आयुष्य मासळीच्या लिलावात गेलेलं, त्यामुळे तिची कुजबुजही बंदरापर्यंत ऐकू जाई.

“पाय जवळ घे गं. एवढे फाकवून काय उभी राहिलीस, गाय धरायचीय का? भार पुढच्या पायावर. हां. चेंडू मधोमध, हात त्याच्या किंचित पुढे. आता काठी जेवढी मागे नेशील तेवढीच पुढे जाऊ दे. मध्येच दम तोडायचा नाही.”

पहिल्या दिवशी मर्डो डॉक्टरांकडे गेला होता. वाट रिकामी. इशबेलने सुरुवातीला दोनचारदा चेंडू गडग्यावरच आपटला.

“कोंबडीखालचं अंडं काढतेयस का?” बेथिया ओरडली. “मनगटं वळवून उचलू नकोस! चेंडूच्या पुढचं गवत कापलं गेलं पाहिजे.”

मग कधीतरी ते जमलं. काठी खाली गेली, गवताचा तुकडा उडाला, आणि चेंडू आपसूक वर चढला, क्षणभर समुद्राच्या रंगात हरवला आणि हिरवळीवर टप्पकन बसला. पुन्हा तसंच, आणि पुन्हा. “बघ! येतंय की! उगीच रडत होतीस,” बेथिया म्हणाली. घरी परतताना इशबेलने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

पण शनिवारी मर्डो त्याच्या जागी होता. गडग्यावरून त्याची लोकरीची टोपी आणि एका बाजूला किंचित ओघळलेला चेहरा दिसत होता. इशबेलने पाय जुळवले, भार पुढे टाकला, काठी मागे नेली. सगळं शिकवल्याप्रमाणे. काठी खाली येत असताना मात्र मनात आलं, जरा हळू, तिथे तो आहे. हात सैलावले, मनगटं आपोआप वळली, आणि काठीची धार चेंडूच्या पोटात बसली.

चेंडू वर गेलाच नाही. गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारखा तो गडग्याच्या माथ्याला घासून सरळ निघाला.

“फोर!” बेथियाने आरोळी ठोकली. ती आरोळी ऐकली की माणूस डोकं झाकून खाली बसतो. मर्डोला ते कसं जमणार?

टण्णकन लोखंडाचा आवाज झाला. इशबेल डोळे मिटून गवतात बसली. तिला तिकडे बघवेना. बेथिया गडगा चढून पळत गेली तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. चेंडू खुर्चीच्या दांड्यावर आदळला होता, मर्डोच्या बरगडीपासून वीतभर अंतरावर.

“झेंडा...” मर्डो म्हणाला, “अलीकडे आहे, बाईसाहेब.”

बेथिया हसली. इशबेल गवतातच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या दिवशी पोर्टस्केलमध्ये कोणी काठीला हात लावत नाही. इशबेल सकाळी न्याहारीच्या आधी नेमाने स्तोत्र म्हणायची, पण आज ओळी तोंडातून जात होत्या आणि डोळ्यांपुढे तो सपाट चेंडू. चर्चमध्येही तेच. प्रार्थना संपल्यावर दारातच तिने बेथियाला बाजूला घेतलं.

“सामन्याच्या दिवशी त्याला दुसरीकडे नेऊन बसवता येईल का? पाद्रीबाबांकडे चहाला?”

“पोतं आहे का तो, इथून उचलून तिथे ठेवायला?” बेथिया म्हणाली. मग तिचा चेहरा पाहून नरमली. “बरं, बघते.”

पण बेथियाच्या पोटात गोष्ट राहायची म्हणजे चाळणीत पाणी राहण्यासारखं. दुपारी सूप वाढतावाढताच ती बोलून गेली. मर्डोने चमचा खाली ठेवला. बेथिया जीभ चावत भांडी घासायला आत सटकली.

मर्डो म्हणाला, “सगळे मला... अर्धं देतात. चहा अर्धा कप. बातमी अर्धी. आणि तू... फटका अर्धा.”

“तुला लागलं असतं तर?”

“अर्ध्यानेच लागेल. पूर्ण मारलास तर... डोक्यावरून जाईल.”

बोलणं खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. त्याला जपायला गेलं की हात आखडणार, आणि हात आखडला की चेंडू त्याच्याच अंगावर जाणार. ती खाली बघत राहिली. तेव्हा तिला दिसलं, त्याच्या मांडीवरची घोंगडी थरथरत होती.

“मर्डो, तुलाही भीती वाटते?”

“वाटते ना.”

“मग कशाला बसतोस तिथे?”

“घरात... जास्त वाटते,” तो म्हणाला. “तू कामाला जातेस. मी आणि भिंत.” मग डावा हात पुढे करून म्हणाला, “मी तिथेच बसणार. तू पूर्ण मारशील. वचन दे.”

इशबेलने त्याच्या हातावर हात ठेवला. “दिलं,” ती म्हणाली.

सामन्याच्या दिवशी वारा कमी होता. सातव्या झेंड्यापाशी आले तेव्हा त्यांची समोरच्या जोडीशी बरोबरी होती. बेथियाचा चेंडू नेहमीप्रमाणे गडग्याच्या अलीकडे येऊन पडला. पलीकडे टोपी दिसत होती. इशबेल होती तिथेच थांबली.

बेथिया जवळ आली. तिला इतकं हळू बोलताना इशबेलने कधी ऐकलं नव्हतं. “ऐक माझं. आडवा मारून बाजूला काढ. एक फटका वाया जाईल, जाऊ दे. गावात कोणी नावं ठेवणार नाही. मी तर मुळीच नाही.”

तेवढ्यात वाटेवरून एक म्हातारी कुत्रा घेऊन आली. सगळे थांबले. ती मर्डोशी दोन शब्द बोलली, कुत्र्याने त्याचा हात चाटला, आणि दोघं समुद्राकडे उतरून गेली. ती आणखी थोडी रेंगाळली असती तर बरं झालं असतं, असं इशबेलला वाटून गेलं.

आता वाटेवर तो एकटाच होता. त्याने हात हलवला नाही की हाक मारली नाही. फक्त किंचित वाकून, चांगल्या हाताने, खुर्चीच्या चाकाचा ब्रेक लावला आणि मान वर करून तिच्याकडे बघत बसला.

इशबेलने घामेजलेले तळवे स्कर्टला पुसले आणि पिशवीतून तिरक्या तोंडाची काठी बाहेर काढली.

“पिशवी धर,” ती बेथियाला एवढंच म्हणाली आणि चेंडूकडे चालू लागली.