प्रश्न जसाच्या तसा

आमच्या कामाचा पहिला नियम असा की प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा. समजावून सांगायचं नाही, आणि आपलं मत तर तोंडातून बाहेर पडताच कामा नये. अमेरिकेत, टेनेसीतल्या आमच्या गावात बसून मी अकरा वर्षं फोनवर लोकांची मतं टिपते. देव, निवडणुका, बंदुका, गर्भपात, सगळ्यावरची. माझं मत आजवर कुणी विचारलेलं नाही.

दुसरा नियम, पलीकडचा माणूस ओळखीचा निघाला तर फोन ठेवायचा. तो मी मोडला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

रविवारी माझे वडील गेले. येत्या शनिवारी चर्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीत माझ्या मुलीला, ट्रेसाला गायचं होतं. आजोबांनी नातीकडून तसा शब्दच घेतला होता. पण दोन वर्षांपूर्वी ट्रेसाचं बाळ पोटात जगणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, इथे कायद्याच्या भीतीने कुणी हात लावेना, तेव्हा ती गाडी काढून इलिनॉयला गेली होती, तिथे गर्भपाताला कायद्याची आडकाठी नाही. पुढच्याच रविवारी पास्टर ऑर्विल यांनी नाव न घेता तिला भर चर्चमध्ये सोलून काढलं. ती पुन्हा तिथे आली नाही.

सोमवारी मी पास्टरकडे गेले, तिला गाऊ द्या म्हणून अक्षरशः हातापाया पडले.

"सिस्टर वर्ना, माझं काही नाही हो," ते म्हणाले. चर्चमध्ये आम्ही सगळ्याच बायका सिस्टर. "पण लोकांना चालणार नाही."

लोकांना! ज्या लोकांचं मी रोज आठ तास ऐकते, त्यांचं मत हा मला सांगणार!

मंगळवारी दुपारी यंत्राने एक नंबर लावून दिला. आम्हाला नाव दिसत नाही. एका बाईने उचलला. मी ठरलेलं वाक्य वाचलं, "घरातल्या मोठ्या माणसांपैकी सगळ्यात अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला? मला त्यांच्याशी बोलायचंय."

"नवऱ्याचा. गेल्याच आठवड्यात. ऑर्विल, तुला फोन!"

त्या वाढदिवसाचा केक मीच केला होता.

फोनवरचा माझा आवाज वेगळा असतो, इस्त्री केलेला. त्याने ओळखला नाही. प्रार्थना करता? रोज. धर्म किती महत्त्वाचा? अत्यंत. मग तो प्रश्न आला. "तुमच्या मते गर्भपात सर्व बाबतींत कायदेशीर असावा, बहुतेक बाबतींत कायदेशीर असावा, बहुतेक बाबतींत बेकायदा असावा, की सर्व बाबतींत बेकायदा असावा?"

आधी दार लोटल्याचा आवाज आला.

"हे गुप्त राहतं ना?"

"हो, सर."

"बहुतेक बाबतींत कायदेशीर," तो कुजबुजला. "ज्या बाईवर वेळ येते तिलाच कळतं."

"तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे," मी वाचलं. ते शेवटी वाचावंच लागतं. मग बाथरूममध्ये जाऊन कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. वाढून घ्यायला उभं असताना, सगळ्यांदेखत, मी त्याला ट्रेसाचं पुन्हा विचारलं.

"सांगितलं ना सिस्टर, लोकांना चालणार नाही."

"मग लोकांनाच विचारू. आधी तुम्हाला." मी फोनवरचा आवाज काढला आणि तो प्रश्न जसाच्या तसा म्हटला. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

पास्टरच्या हातातली प्लेट कलली, त्यातल्या शेंगा जमिनीवर पडल्या. त्याने बायकोकडे पाहिलं. तिला काहीच माहीत नव्हतं.

गुपित मी फोडलं नाही. फक्त प्रश्न विचारला.

"उत्तर द्यायचं नसेल तरी चालेल, सर," मी म्हणाले. "तसं नोंदवते."

"गाऊ दे तिला," तो कसाबसा बोलला. "शनिवारी... गाऊ दे."

मी मागे वळून पाहिलं. ऐंशी माणसं होती. कुणीतरी मक्याचा पाव पुढे सरकवला, कुणी मीठ मागितलं. एकानेही हरकत घेतली नाही. दोन वर्षं ज्यांना चालणार नव्हतं, ते लोक हेच.