पर्यायी उमेदवार

"पेलंल तेवढाच नेम घे, आक्का. पण एकदा घेतला की पाळायचा. कोण बगत न्हाई म्हणून सोडायचा न्हाई."

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दिवस कलायला लागला की आक्काताईंना हे शब्द ऐकू येत. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हा त्यांचा नेम कधी मोडला नव्हता. मालक गेल्यापासून मात्र शेजारी दुसरं ताट नव्हतं. मुलगा भरतेश सांगलीत, विश्रामबागेत. अंतर अर्ध्या तासाचं, पण यायचा दिवाळीलाच.

म्हणून तर दोन आठवड्यांमागं धन्यकुमार चौघांना घेऊन आले, तेव्हा घर भरल्यासारखं वाटलं होतं! नात्यानं ते चुलत दीर, आणि पक्षाचे तालुकाध्यक्ष. पंचायत समितीची जागा बायकांसाठी राखीव होती. उमेदवार शिवांजली, पण पक्षाच्या पत्रात पर्यायी म्हणून दुसरं नाव घालतात. पहिलीचा अर्ज बाद झाला किंवा तिनं मागं घेतला, तर पक्षाचं चिन्ह दुसरीला मिळतं.

"नुसतं नाव हो, वयनी. बाकी काय करायचं न्हाई," ते म्हणाले होते. आक्काताईंनी अर्ज भरला, सही केली.

आज अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस. बाराच्या सुमाराला धन्यकुमार घाईघाईनं एकटेच आले.

"शिवांजलीनं सकाळी अर्ज मागं घेतला. तिच्या नवऱ्याला समोरची पार्टी कारखान्यात संचालक करतीय. आता दोन्ही पार्ट्यांत जागा बिनविरोध करायचं ठरलंय. ह्यावर सही करा, आन् तीनच्या आत मिरजेला चला."

"म्हणजे आता उमेदवार मी?"

"कागदावर, व्हय."

"चहा टाकू?"

"येळ न्हाई. पुन्यांदा येईन की निवांत!"

त्या 'पुन्यांदा'साठीच आक्काताईंनी पेन हातात घेतलं. नाही म्हटलं, तर उरलंसुरलं येणंजाणंही तुटायचं.

पायरीवर राहीबाई आक्काताईंच्या शेंगा फोडत बसली होती. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. हात न थांबवता तिनं विचारलं, "आक्का, तुमचं नाव लागलं तवा मला काय म्हणला हुता? वस्तीवर येऊन वडा बगते म्हणून."

"सहज म्हटलं गं."

"माज्या नातींनी सहज न्हाई ऐकलं. रोज इचारत्यात, आक्का कवा येणार? पावसाळ्यात वड्यापायी शाळा बुडती त्यांची."

"तुला काय कळतंय गं राजकारणातलं?" धन्यकुमार करवादले.

"न्हाई कळत, दादा. जागा बायकांची म्हणता. एक बाई उबी केली, ती बसिवली. दुसरी कागदावर ठिवली, तिला बी बसिवता. बायका हाय का पाटावरच्या सोंगट्या? आन् बिनविरोध म्हंजे आमी मतच टाकायचं न्हाई. मग वड्याचं गाऱ्हाणं कुणाला सांगायचं?"

आक्काताईंचं पेन थांबलं. कोण बगत न्हाई म्हणून सोडायचा न्हाई! अर्जावर सही करताना आपण शब्दच दिला होता की!

"भावजी, मी अर्ज मागं घेत नाही."

"वयनी, एकट्या पडाल!"

"आता काय दुकटी आहे व्हय मी?"

धन्यकुमारांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चपला घालताना एवढंच म्हणाले, "रिकामी जागा भरायची म्हणून तुमचं नाव लिवलं हुतं, वयनी. तुमाला इचारलंच न्हाई."

तीन वाजून गेले. फोन वाजला नाही. दारात कोणी आलं नाही. पण आक्काताईंना आज ते घर तेवढं खायला उठलं नाही.

वाचकहो, असं नाव आपणही लिहितो ना? बाईचं लागतं म्हणून, कोरम भरायचा म्हणून! पण ज्या नावानं सही होते, त्या नावामागं माणूस असतं. दिलेला शब्द पाळणं त्याच्याच हातात असतं. तो दुसऱ्यानं मोडायचा नसतो.

चारच्या पुढं आक्काताईंनी भाकरी आणि झुणका फडक्यात बांधला. वस्तीवरून परत येईपर्यंत दिवस मावळणार. मग जेवण तिथंच, राहीबाईच्या दारात, उजेड आहे तोवर. दाराला कडी घातली, पदर डोक्यावर घेतला, आणि त्या ओढ्याच्या वाटेला लागल्या.