दुसऱ्या माशाची वाट

हॉलिसने आमिषाचा रबरी बेडूक चिमटीत धरून दाबला. आतून पोकळ असलेलं त्याचं अंग खाली गेलं आणि पाठीलगतचे दोन गळ वर आले. सोडल्यावर ते पुन्हा लपले.

"हाच घे," ड्युइट म्हणाला. "तुझ्या त्या चमकत्या पत्र्याला सगळीकडून आकडे. मरळ राहील पाण्यात आणि तू कमळाची पानं घेऊन येशील. भाजी करणारेस का त्यांची?"

ड्युइट म्हणजे हॉलिसच्या बायकोचा, व्हर्नाचा, धाकटा भाऊ. गुडघे गेल्यापासून तो होडीत चढत नसे. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून हुकूम सोडत असे. साधा नायलॉनचा तंगूस त्याने बाजूला टाकला आणि फिरकीवर विणलेली जाड दोरी चढवायला लावली. मासा देठांच्या गुंत्यात शिरला, की तंगूस तुटतो. काठीपाशी मात्र काम अडलं. हॉलिसच्या हातात होती ती क्रॅपीसारख्या लहान माशांसाठीची, वेताच्या फोकेसारखी वाकणारी. जाड काठी एकच होती, व्हर्नाची. ती हॉलिसने घरून आणली होती, पण ट्रकच्या पुढच्या सीटवरच ठेवली होती. ड्युइट आपल्या नखांकडे बघत बसला. शेवटी हॉलिस उठला, काठी घेऊन आला आणि मुठीवरचं बुचाचं आवरण शर्टाच्या बाहीने पुसू लागला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

नदीने जुन्या वळणात सोडून दिलेल्या या पाण्याला आसपासचे लोक व्हर्नाचा डोह म्हणत. दर वसंतात ती इथून क्रॅपी काढायची आणि चर्चच्या जेवणाला तळून न्यायची. मागच्या पुरात शेतांच्या चरांतून मरळ आर्कान्साच्या या भागात पसरली. ती इथली नव्हे, बाहेरून आलेली. जिथे शिरते तिथे दुसऱ्या माशांची पिल्लं उरत नाहीत. आता ड्युइटला या डोहातच पिल्लांचा एक गोळा पाण्यावर खदखदताना दिसला होता. ही मोठी झाली, तर व्हर्नाच्या क्रॅपी संपल्या. जानेवारीत तिला पुरल्यापासून हॉलिसने कुठल्याच कामात हात घातला नव्हता. हे ऐकल्यावर मात्र त्याने होडी बाहेर काढली.

बेडूक पिल्लांच्या पलीकडे टाकायचा आणि त्यांच्यामधून ओढत आणायचा, असं ड्युइटने पुन्हा एकदा बजावलं. मोठा मासा भुकेपोटी येत नाही. कोणीतरी पिल्लांत घुसलंय म्हणून येतो. सापडला की तिथेच मारायचा, जिवंत सोडायचा नाही, कायदाच आहे. आणि एकावर थांबायचं नाही.

"नर-मादी दोघं राखतात," तो म्हणाला. "एक काढलास तरी दुसरा तिथंच असतो. परत टाकायचा."

"पळून नाही जात?"

"पिल्लं टाकून? नाही जात."

हॉलिसने होडी सायप्रसच्या बुंध्यांमधून आत नेली. पाणी गढूळ होतं. पिल्लांचा गोळा सापडला. ड्युइटने ती तांबूस असतील असं सांगितलं होतं. ही काळी दिसत होती. गढूळपणामुळे असेल, असं हॉलिसला वाटलं. त्याने बेडूक टाकला आणि हळूहळू ओढत आणला. बेडूक पिल्लांत शिरतो न शिरतो, तोच पाणी फुटलं. काठी वाकली, पण तुटली नाही. मासा देठांत शिरला आणि दोरीने त्याला देठांसकट बाहेर आणलं. हॉलिसने त्याला धड पाहिलंही नाही. लाकडी दंडुक्याने डोक्यावर घाव घातले, पेटीत टाकून झाकण लावलं आणि लगेच पुन्हा बेडूक टाकला.

काही आलं नाही. त्याने दुसऱ्या बाजूने टाकला. बेडूक पिल्लांच्या मधोमध थांबवून ठेवला. पिल्लं फाटली, पुन्हा एकत्र झाली आणि हळूहळू होडीच्या सावलीत येऊन गोल फिरू लागली. पाण्याखालून कोणीच वर येईना.

हॉलिसने काठी आडवी ठेवली. मग त्याने झाकण उघडलं आणि मासा उताणा केला. मरळीच्या पोटाखालचा पर लांब, जवळजवळ शेपटीपर्यंत जातो. हा आखूड होता. शेपटीपाशी काळा ठिपका होता आणि त्याभोवती पिवळं कडं.

ग्रिनेल. मरळीसारखाच दिसणारा, पण याच पाण्यातला, पहिल्यापासूनचा. ग्रिनेलची मादी अंडी घालून निघून जाते. पिल्लं वाढवतो तो एकटा नर. हे हॉलिसला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

त्याने माशावर ओलं पोतं घातलं आणि झाकण लावलं.

कमळाच्या पानांखालून सनफिश निघाले, तळहाताएवढे. एक गोळ्याच्या कडेला शिरला आणि त्याने पिल्लं गिळताच तिथे पाण्यावर भोक पडावं तशी जागा मोकळी झाली. हॉलिसने वल्हं उचलून पाण्यावर आपटलं. सनफिश मागे हटले. गेले नाहीत.

काठावरून ड्युइटने हाक मारली. दुसरा आला का, असं तो विचारत होता.

"नाही येणार," हॉलिस म्हणाला.

मग ये निघून, ड्युइट ओरडला, कॉर्नब्रेड गार होतोय आणि मी एकट्याने खाऊन टाकला तर रडशील.

"तू जेवून घे."

"आणि तू काय करणारेस तिथं?"

हॉलिसने होडी फिरवून पिल्लं आणि कमळाची पानं यांच्या मधे आडवी घातली आणि वल्हं पुन्हा पाण्यावर मारलं.