व्हय

बोलताना आवाज खालचा ठेवावा, उत्तराची घाई करू नये आणि समोरच्याच्या मौनाचा मान राखावा, असे सरोजिनीला शिकवलेले होते आणि ती ते मनापासून पाळत असे. कोल्हापुरात एका शिक्षणसंस्थेच्या मागच्या बाजूला चालणाऱ्या मार्गदर्शन केंद्रात तिला एक खोली मिळाली होती. दाराला जाड पडदा, दोन खुर्च्या, टेबलावर प्रश्नावल्यांचा गठ्ठा. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल चालू होते. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांच्या मानसिक स्वास्थ्यावर ती प्रबंध लिहीत होती आणि मदतीसाठी येणाऱ्यांना सल्लाही देत होती.

ज्ञानू मात्र आपणहून आलेला नव्हता. चाळिशीचा हा विणकर वीस वर्षे मागावर उभा होता. त्याच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती आणि माणसांवर देखरेख करणाऱ्या जॉबर हंबीररावाने चिठ्ठी दिली होती : ‘हाक मारली तरी बघत नाही. एकटाच बसतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आणल्याशिवाय मागावर घेणार नाही.’

ज्ञानूची बायको चिमणाबाई त्याच कारखान्यात धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरत असे. खाडा करून ती नवऱ्याला एस्टीने घेऊन येई आणि बाहेरच्या बाकावर बसून राही.

तीन बैठका झाल्या. सरोजिनी प्रश्नावलीवर मान वाकवून हलक्या आवाजात विचारी आणि उत्तर टिपून घेई.

“झोप लागत नाही का?”

“व्हय.”

“कामात मन लागत नाही?”

“व्हय.”

“जगणं नकोसं वाटतं का?”

“व्हय,” ज्ञानू शांतपणे म्हणाला.

त्या उत्तराखाली तिने दोनदा रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तिने अहवालाचा मसुदा केला : तीव्र औदासीन्य, यंत्रावर काम देणे धोक्याचे, मनोरुग्णालयात तपासणी आवश्यक. हा कागद कारखान्यात पोचला की ज्ञानूचा माग दुसऱ्याला मिळणार, हे ती जाणून होती. पण माग गेला तरी चालेल, माणूस राहिला पाहिजे, असे तिने स्वतःला बजावले.

चौथ्या बैठकीत ती त्याला हेच समजावून सांगत होती, तोच पडद्याबाहेरून चिमणाबाई कडाडली, “अवो, आटपा की! एस्टी गेली तर चालत नेऊ व्हय तुमास्नी?”

“चालत कशाला? खांद्यावर घे की!” ज्ञानू हसत उठला.

त्याचे ते पहिले पूर्ण वाक्य होते. सरोजिनीने पडद्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले. मग तिने त्याला बसायची खूण केली, पुन्हा कागदावर मान वाकवली आणि त्याच हलक्या आवाजात विचारले, “तुमचं नाव चिमणाबाई का?”

“व्हय,” ज्ञानू गंभीरपणे म्हणाला.

तिने चिमणाबाईला आत बोलावले. “यांना ऐकू येत नाही, हे मला सांगितलं का नाही?”

“त्यात काय सांगायचं, बाई? मागावरच्या समद्यांचंच कान असं. तुम्ही डोस्क्याचं इचारत हुतासा. आन् खाली मुंडी घालून बोललासा तर त्यास्नी काय कळनार? तोंड दिसू द्या की.”

सरोजिनीने मसुदा पालथा ठेवला. चेहरा वर करून तिने मोठ्याने विचारले, “जगणं नकोसं वाटतं का?” बाहेरच्या बाकावर बसलेल्या इतरांची कुजबुज थांबली.

“छ्या! कोन म्हनलं?” ज्ञानू दचकला. मग त्याचा चेहरा उतरला. “एक दुखनं हाय. पन ते असं वरडून सांगायचं न्हाय. आमच्या कारखान्यात या, बाई. तितं कुनालाच कायबी ऐकू जात न्हाय.”

शनिवारी दुपारी ती इचलकरंजीला गेली. चोवीस मागांच्या खडखडाटात तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मागांतले धोटे इकडून तिकडे आपटत होते, आणि माणसे ओठांनी, भुवयांनी, बोटांनी बोलत होती. ज्ञानूने सगळ्यांकडे पाठ केली, तिच्याकडे तोंड केले. तेवढ्याने दोघांपुरती आडोशाची खोली तयार झाली. तो सावकाश ओठ हलवत बोलू लागला. कळले नाही ते ती पुन्हा विचारी.

“लेक कुरुंदवाडास्नं आलती. सासरी मारत्यात म्हनून. शेजारी ऐकतील म्हनून हळू बोलली. मी आपला व्हय, व्हय म्हनत बसलो. तिनं इचारलं हुतं, ‘आबा, परत जाऊ काय?’” त्याने हाताने दाराकडे खूण केली. “गेली. ही कामावर हुती. मागनं लेकीचा निरोप आला, आबाच व्हय म्हनलं, तवा हिनं सांगितलं मला. तवापास्नं कुनाशी बोलावंसंच वाटत न्हाय. परत कशाला तरी व्हय म्हनून बसीन.”

कारखान्याच्या अंगणात बसून सरोजिनीने नवा दाखला लिहिला आणि हंबीररावाला मोठ्याने वाचून दाखवला : मन शाबूत आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे. मागांच्या आवाजाने श्रवण मंदावले आहे. समोर येऊन बोलावे. मागावर घेण्यास हरकत नाही.

“भैरा म्हंजे कामातनं गेलाच की, बाई,” हंबीरराव म्हणाला. “कशाला ठेवायचा?”

सरोजिनीने कागदावर मान वाकवली आणि हलक्या आवाजात विचारले, “मग तुम्हालाही काढायला सांगू का?”

“व्हय, व्हय. त्येच म्हनतोय मी.”

शेजारी बसलेल्या चिमणाबाईने पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. “दादा, तुमास्नी काढू काय, असं इचारलं त्यांनी!”

हंबीररावाचा हात नकळत कानाकडे गेला. त्याने दाखला हातात घेतला.

“माझं बी तपासून मिळंल काय?” त्याने विचारले. मग घसा खाकरून म्हणाला, “ह्येला सोमवारपास्नं येऊ दे मागावर. शेठशी मी बोलतो.”

ज्ञानू आणि चिमणाबाईबरोबर एस्टी स्टँडकडे जाताना सरोजिनी पिशवीतल्या प्रश्नावल्यांचा विचार करीत होती. एकतीस भरून झाल्या होत्या. त्यातले किती ‘होय’ खरे होते? सगळ्या पुन्हा भराव्या लागणार होत्या, आणि पहिला प्रश्न कानांचा असणार होता. मार्गदर्शक प्राध्यापक रागावतील. रागावू देत.

“उद्या कुरुंदवाडाला जातो,” ज्ञानू म्हणाला. “लेकीला उजेडात बसवतो आन् म्हनतो, पुन्यांदा इचार.”

“आणि तिनं तेच विचारलं तर? परत जाऊ का, म्हणून?” सरोजिनीने त्याच्या समोर येऊन विचारले.

ज्ञानूने तिचे ओठ शेवटच्या शब्दापर्यंत पाहिले.

“न्हाय!” तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की स्टँडवरची माणसे वळून पाहू लागली.