कवळीसकट घेतलेलं माप

मास्तर म्हणजे शिंपी. कपडे शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हट्टीपणात तर नव्हतंच नव्हतं. माप देताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं की टेप खाली ठेवून गरजायचे, "सोडा ते पोट! शर्ट तुम्हाला घालायचाय की मला?"

असा हा माणूस आज तिसऱ्यांदा मास्कच्या दुकानात येऊन बसला होता, ताठ, तोंडात कवळी घट्ट बसवून. शेजारी त्यांची बायको. मास्तरांची म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. कित्येक वर्षांची साचलेली झोप बाईंच्या डोळ्यांत दिसत होती.

झोपेत मास्तरांचा श्वास अडायचा. घोरणं एकाएकी थांबे, की बाई त्यांना गदागदा हलवत. पुन्हा घोरायला लागले की हुश्श! मागच्या आठवड्यात बाईंचाच डोळा लागला. जाग आली तर मास्तरांचे ओठ काळेनिळे. तेव्हापासून त्यांनी डोळे मिटायचा धसकाच घेतला होता. डॉक्टर म्हणाले, हृदयाला आता हा ताण झेपायचा नाही, रात्री हवा सोडणारं मशीन आणि त्याचा मास्क लावायलाच हवा.

मास्क दुकानात चापूनचोपून बसे, आणि घरी गालांच्या कडेने सुर्रकन हवा सुटे. वैतागून मास्तर तो भिरकावून देत.

"घरी नेमकं होतं काय?" मास्क बसवून देणारी मुलगी म्हणाली. "इथे तर कुठून हवा जात नाही."

काय होतं ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. झोपताना कवळी जायची वाटीत आणि गाल जायचे आत. पण निघतानाच मास्तरांनी दम भरला होता, "दातांबद्दल अवाक्षर काढलंस तर बघ!" सख्ख्या जावयालाही त्यांनी कवळीचा पत्ता लागू दिला नव्हता. बाईंचं आपलं तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"पट्टे आणखी आवळले तर कातडी सोलेल," मुलगी म्हणाली. "मशीन परत करायचं का?"

"करा," म्हणत मास्तर उठलेसुद्धा.

बाईंच्या पायांखालची जमीन सरकली. आज रात्री जागू, उद्या जागू, पण कधीतरी डोळा लागणारच की!

"अहो!" त्या ओरडल्या. "सोडा ते पोट!"

मुलगी मास्तरांच्या पोटाकडे बघायला लागली. मास्तर मात्र मुकाट्याने खाली बसले. मग पाठ फिरवून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि बायकोच्या हातात दिली.

मुलगी हसली नाही. त्यांना कोचावर आडवं व्हायला सांगून तिने एक माप लहान मास्क बसवला आणि मशीन चालू केलं. सुर्र नाही की फुर्र नाही. थकलेले मास्तर तिथेच झोपले.

बाई बघत राहिल्या. घोरणं नाही, धाप नाही, काही म्हणजे काही नाही. अशी शांतता म्हणजे श्वास अडला, एवढंच त्यांना माहीत होतं. हात आपसूक पुढे गेला आणि त्यांनी नवऱ्याला गदागदा हलवलं.

"अगं, झोपू दे की!" मास्कच्या आतून बोळकं तोंड पुटपुटलं.

"श्वास छान चाललाय त्यांचा," मुलगी म्हणाली. "आता तुम्हीही झोपा रात्री."

"झोपते गं," बाई म्हणाल्या. "पण घोरलेच नाहीत, तर हे आहेत हे मला कळायचं कसं?"